रिकार्टन जंक्शन : स्टेशन होतं, गाव होतं, रस्ता नव्हता

रूळछंदी

ब्रिटनमधल्या बंद स्टेशनांचा विषय निघाला की डॉ. बीचिंगच्या (तोट्यातले मार्ग बंद करायचा १९६३ चा अहवाल लिहिणाऱ्या रेल्वेप्रमुखाच्या) नावाने बोटं मोडायची आणि विषय संपवायचा, असं इथे नेहमी होतं. रिकार्टन जंक्शनचं तसं करता येत नाही. या स्टेशनाच्या मरणापेक्षा त्याचा जन्मच जास्त चमत्कारिक आहे.

जागा स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला. एडिंबऱ्याहून रेल्वेने पासष्टेक मैल, इंग्लंडची हद्द जवळच. लिड्सडेल खोऱ्याचं हे वरचं टोक. ओलेकच्च डोंगरउतार, मेंढ्या, आणि आता वनखात्याने लावलेली सूचिपर्णी झाडं. १८६२ च्या आधी इथे वस्ती नव्हती. रेल्वेने आधी स्टेशन बांधलं, मग ते चालवायला माणसं आणली, मग त्या माणसांसाठी घरं, शाळा, दुकान. रस्ता मात्र केला नाही. सगळ्यांत जवळचा रस्ता दोनेक मैल लांब, मध्ये चिखल आणि चढ. पुढची शंभरेक वर्षं या गावात यायचं तर आगगाडीने, नाहीतर पायी.

आता जंक्शन तिथेच का? एडिंबऱ्याच्या नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने १८४९ मध्ये दक्षिणेला हॉइकपर्यंत रूळ नेले होते. पुढे कार्लाइल, म्हणजे इंग्लंडचं दार. पण तिथे कॅलेडोनियन रेल्वे १८४८ पासून बसलेली, दुसऱ्या वाटेने. हॉइक ते कार्लाइल हा मधला तुकडा दोन्ही कंपन्यांना हवा होता. कॅलेडोनियनचा रस्ता लँगमवरून, जिथे गिरण्या होत्या, माणसं होती. नॉर्थ ब्रिटिशने मागितला लिड्सडेलचा, जिथे मेंढ्या होत्या. १८५९ मध्ये संसदेने कौल दिला नॉर्थ ब्रिटिशला. बिचाऱ्या लँगमच्या वाट्याला नंतर एक फाटा आला.

मेंढ्यांच्या खोऱ्याचा हट्ट का, तर नॉर्थ ब्रिटिशचे अध्यक्ष रिचर्ड हॉजसन यांना फक्त कार्लाइल नको होतं, न्यूकॅसलही हवं होतं. हेक्समहून कील्डरच्या रानातून उत्तरेला येणारी बॉर्डर काउंटीज नावाची लाइन बांधली जात होती. ती येऊन मिळेल अशी जागा त्यांना मुख्य मार्गावर हवी होती. ती जागा म्हणजे रिकार्टन. दोन्ही मार्ग १ जुलै १८६२ ला पूर्ण सुरू झाले आणि डोंगरात, जिथे एकही प्रवासी राहत नव्हता, तिथे जंक्शन उभं राहिलं.

थोडक्यात, दोन कंपन्यांच्या चढाओढीतून जन्माला आलेलं हे गाव. त्याची गरज त्या परिसराला कधीच नव्हती. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं नशीब इथेच ठरलं.

अबोली

वाचतेय. पण रस्ता नाही म्हणजे अगदीच नाही? दूध, भाजी, डॉक्टर, बाळंतपण? रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर?

रूळछंदी

@अबोली, सगळं रूळांवरून. डॉक्टर यायचे न्यूकॅसलटनहून, गाडीने. (हे न्यूकॅसलटन म्हणजे न्यूकॅसल नव्हे. १७९३ मध्ये बक्लूच्या ड्यूकने विणकरांसाठी आखून वसवलेलं लिड्सडेलमधलं गाव. सरळ रस्ते, मध्ये चौक. आसपासचे लोक त्याला अजून कॉपशॉ म्हणतात.) रविवारी चर्चला जायचं तरी गाडीच. लहान मुलांची शाळा गावातच होती, मोठी झाली की शिकायला रोज गाडीने बाहेर.

दुकान फलाटावरच, हॉइकच्या सहकारी ग्राहक संस्थेची शाखा. फलाटावरच्या उपाहारगृहात दारूही मिळे, म्हणजे गावचा गुत्ताही तोच. पोस्ट होतं. इंजिनांची शेड, लोहारकाम, गॅस तयार करायचा छोटा कारखाना, आणि कामगारांच्या घरांच्या रांगा. ऐन भरात शंभराच्या वर वस्ती होती, आणि जवळजवळ प्रत्येक घराचा पगार एकाच कंपनीकडून. ड्रायव्हर, फायरमन, सिग्नलमन, गँगमन, पोर्टर. उरलेले म्हणजे मास्तर आणि दुकानदार.

स्टेशन एका बेटासारख्या फलाटाचं, दोन्ही बाजूंनी मुख्य रूळ, आणि दक्षिण टोकाला हेक्समच्या गाडीसाठी खाच काढलेली. ती गाडी तिथे उभी राहून एडिंबऱ्याच्या गाडीची वाट पाहायची. दिवसभरात अशा मोजक्याच गाड्या.

भुसावळी

आमचं सगळं बालपण रेल्वे क्वार्टरात गेलं, त्यामुळे वाचताना ओळखीचं वाटलं. शेजारी कोण राहतो हे त्याच्या ड्यूटीवरून ओळखायचं, घड्याळाऐवजी गाडी, आणि बाबांची बदली झाली की अख्खं जग बदलायचं. पण आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर गाव होतं, बाजार होता. इथे फाटकाबाहेर काहीच नाही. सगळे एकमेकांचे सहकारीही आणि शेजारीही. भांडण झालं तर माणूस जाणार कुठे?

तांत्रिक प्रश्न : शेड तिथे कशासाठी? एवढ्याशा फाट्यासाठी शेड जास्त वाटते. की चढासाठी बँकर (गाडीला मागून ढकलणारं जोड इंजिन) ठेवत?

रूळछंदी

@भुसावळी, बरोबर पकडलंत. न्यूकॅसलटन सोडलं की उत्तरेला आठेक मैल ७५ ला १ (७५ फुटांत एक फूट वर) असा जवळजवळ अखंड चढ आहे, आणि तोही वळणावळणांचा. रिकार्टन त्या चढाच्या वरच्या भागात येतं. तिथून आणखी वर गेलं की व्हिट्रोपचा माथा, समुद्रसपाटीपासून १००६ फूट, आणि लगेच १२०६ यार्डांचा, म्हणजे ११०० मीटरचा बोगदा. आत सतत पाणी गळायचं. जड मालगाड्यांना जोड इंजिन लागायचं. एडिंबऱ्याच्या बाजूला फॅलाहिलचा ८८० फुटांचा माथा वेगळाच.

डेक्कनवासी

७५ ला १ ऐकून आपल्या घाटवाल्यांना हसू येईल. बोरघाट ३७ ला १ आहे आणि तो १८६३ मध्ये सुरू झाला, म्हणजे या लाइनच्या दुसऱ्याच वर्षी. कर्जतला बँकर अजून लागतात.

भुसावळी

हसू नका. घाटात आपण मुद्दाम बँकर लावतो, वेग सोडून देतो, आणि पंधरावीस मैलांत प्रश्न संपतो. ९८ मैलांच्या मार्गावर असे दोन मोठे चढ, शिवाय एक्स्प्रेस गाड्यांनी शर्यत जिंकायची अपेक्षा, हे वेगळं दुखणं आहे. फायरमनला विचारा.

तिरकस

हॉजसनसाहेबांचं पुढे काय झालं? एवढं मोठं डोकं चालवलेला माणूस वाया गेला नसेल.

रूळछंदी

@तिरकस, १८६६ मध्ये कंपनीचे हिशेब तपासले गेले तेव्हा कळलं की नफा नसताना भागधारकांना लाभांश वाटला जात होता आणि आकडे त्यासाठी रंगवले जात होते. साहेब पायउतार झाले.

त्याआधीचा त्यांचा सौदा याहून भारी आहे. बॉर्डर काउंटीजची लाइन हेक्समला संपत होती. तिथून न्यूकॅसलपर्यंतचे रूळ नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे. त्यावरून आपल्या गाड्या न्यायची परवानगी नॉर्थ ब्रिटिशने मिळवली. बदल्यात नॉर्थ ईस्टर्नला काय दिलं? बेरिक ते एडिंबरा या आपल्या मार्गावर गाड्या आणायची मुभा. म्हणजे लंडन–एडिंबरा पूर्व किनाऱ्याची सगळ्यांत किमती वाहतूक! १८६९ पासून नॉर्थ ईस्टर्नची इंजिनं त्या एक्स्प्रेस घेऊन थेट एडिंबऱ्यात शिरू लागली, आणि नॉर्थ ब्रिटिशला मिळाली कील्डरच्या रानातून न्यूकॅसलला जाणारी सुस्त गाडी.

तिरकस

दुभती म्हैस देऊन भाकड शेळी आणली, आणि शेळी बांधायला डोंगरात गोठा बांधला. त्या गोठ्याचं नाव रिकार्टन. :)

अबोली

लोल. पण त्या शेळीने कोळसा तरी दिला असेल ना? त्या काळी रेल्वे म्हटलं की कोळसा.

रूळछंदी

अपेक्षा तीच होती. वाटेत प्लॅशेट्स नावाच्या जागी कोळसा होता, त्यावर बॉर्डर काउंटीजवाल्यांनी मोठे मनोरे रचले. खाण चालली, पण स्वप्नाएवढी कधीच नाही. आज प्लॅशेट्सचं स्टेशन पाण्याखाली आहे. कील्डरचं धरण झालं, १९८२ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि त्या लाइनचा एक मोठा तुकडा जलाशयात गेला. कील्डरचा दगडी रेल्वेपूल मात्र जपून ठेवलाय.

हिशेबी

लेख छान. पण एक विचारतो. वर तुम्हीच लिहिलंय की या जंक्शनची गरज परिसराला नव्हती. मग बंद झालं तर एवढं हळहळायचं कशाला? ज्या मार्गावर माणसं नाहीत, चढ जास्त, समांतर दुसरा मार्ग उपलब्ध, तो सरकारने करदात्यांच्या पैशावर किती वर्षं चालवायचा? बीचिंगने आकडे मांडले, त्यात काय चुकलं?

रूळछंदी

@हिशेबी, रिकार्टनपुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. हेक्सम फाट्याच्या प्रवासी गाड्या बीचिंगच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९५६ मध्येच बंद झाल्या आणि मालगाड्या १९५८ मध्ये. त्यानंतर जंक्शन या शब्दाला अर्थच राहिला नाही. माणसं आपोआप कमी होत गेली. गंमत म्हणजे रस्ता आला तो या उतरणीच्या काळात, साठच्या दशकात, आणि तोही वनखात्याने लाकडासाठी काढलेला.

पण मुख्य मार्ग, ज्याला वेव्हर्ली रूट म्हणत, त्याचा हिशेब वेगळा. त्याच्यावर हॉइक आणि गॅलाशील्ससारखी लोकरीच्या गिरण्यांची गावं होती. मिडलँड रेल्वेने १८७६ मध्ये सेटल–कार्लाइल लाइन प्रवाशांसाठी सुरू केल्यावर लंडनच्या सेंट पँक्रसहून एडिंबऱ्याला येणाऱ्या एक्स्प्रेस याच मार्गाने धावू लागल्या. त्याआधी कार्लाइलला इंग्रज कंपनी आपली सगळी वाहतूक कॅलेडोनियनच्या पदरात टाकायची. म्हणजे चौदा वर्षं थांबल्यावर या मार्गाला खरा अर्थ मिळाला.

आणि १९६०च्या सुरुवातीला ब्रिटिश रेल्वेने काय केलं? एडिंबऱ्याजवळ मिलरहिल आणि कार्लाइलजवळ किंगमूर अशी दोन भलीमोठी, नवी कोरी मार्शलिंग यार्डं (मालडबे वेगळे करून नव्या गाड्या जुळवायच्या जागा) बांधली. या दोन यार्डांना जोडणारा सरळ मार्ग कोणता? हाच. यार्डं उभी राहतात न राहतात तोच १९६३ च्या अहवालात हा मार्ग बंद करायच्या यादीत. याला हिशेब म्हणायचं असेल तर म्हणा.

हिशेबी

यार्डांचा मुद्दा मान्य, तो शुद्ध गलथानपणा. पण तो यार्ड बांधणाऱ्यांचा. त्यांनी आधी चूक केली म्हणून पुढे दरवर्षी तोटा सोसत राहायचं हे तर्कात बसत नाही. १९६८ च्या कायद्याने सामाजिक गरजेच्या मार्गांना अनुदान द्यायची सोय झाली होती, तरी मंत्र्यांनी या मार्गाला ते दिलं नाही. काही विचार केलाच असेल.

ट्वीडकाठ

मी गॅलाशील्सजवळ राहते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. विचार केला होता, पण मतभेद होते. स्कॉटलंडचे मंत्री विली रॉस बंद करायच्या विरोधात होते, परिवहनमंत्री रिचर्ड मार्श बाजूने, आणि मार्श जिंकले. संपूर्ण बॉर्डर्स भागात एकही प्रवासी स्टेशन उरलं नाही. इथले वयस्कर लोक अजून त्या निर्णयाबद्दल अशा आवाजात बोलतात जणू काल झालाय.

हॉइकच्या मॅज एलियट यांनी हजारो सह्यांचं निवेदन घेऊन डिसेंबर १९६८ मध्ये थेट पंतप्रधानांचं दार गाठलं होतं. शेवटच्या दिवशी हॉइकच्या लोकांनी परिवहनमंत्र्यांच्या नावाने एक शवपेटी गाडीत चढवून पाठवली. मंत्र्यांना पार्सल!

तिरकस

सह्यांपेक्षा पार्सलचा मुद्दा जास्त स्पष्ट.

अबोली

शेवटच्या रात्रीचं सविस्तर सांगा ना कुणीतरी.

रूळछंदी

५ जानेवारी १९६९, रविवार. एडिंबऱ्याहून सेंट पँक्रसला जाणारी रात्रीची स्लीपर ही या मार्गावरची शेवटची प्रवासी गाडी. गाडीत तिथले तरुण लिबरल खासदार डेव्हिड स्टील होते, लंडनला निघालेले. पुढे पक्षाचे नेते झाले तेच. वाटेत काही घातपात नको म्हणून गाडीच्या पुढे एक पायलट इंजिन सोडलेलं.

रिकार्टनवरून गाडी गेली आणि न्यूकॅसलटनला अडली. गावकऱ्यांनी रेल्वे फाटक बंद करून टाकलं होतं आणि रूळांवर गर्दी केली होती. मध्यरात्र, कडाक्याची थंडी, आणि पुढाकार कुणाचा, तर गावच्या चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड ब्रायडन मेबन यांचा. पोलिसांनी त्यांनाच अटक केली. मग तर गर्दी हलायलाच तयार नाही. शेवटी स्टील गाडीतून उतरले, लोकांशी बोलले, पोलिसांशी बोलले. तडजोड अशी : पाद्रीबाबांना सोडा, आम्ही फाटक सोडतो. तसं झालं. गाडी सुमारे दोन तास उशिरा कार्लाइलला पोचली.

६ जानेवारीपासून मार्ग बंद. आणि ब्रिटिश रेल्वेने लगोलग, काही दिवसांतच, रिकार्टनजवळ छायाचित्रकार बोलावून रुळाचा एक तुकडा समारंभाने उचलून दाखवला. कुणी मार्ग विकत घेऊन पुन्हा चालवू म्हणत असेल तर त्याने आशा ठेवू नये, असाच त्याचा अर्थ. खरोखरच एक खासगी कंपनी मार्ग घ्यायचा प्रयत्न करत होती, ते जमलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे रूळ गेले.

डेक्कनवासी

पाद्र्याला अटक आणि खासदाराची मध्यस्थी! आपल्याकडे रेल रोको नेहमीचं, पण शेवटच्या गाडीला अडवून तिला शेवटची होण्यापासून वाचवायचा प्रयत्न पहिल्यांदाच वाचला.

भुसावळी

गावाचं काय झालं मग? घरं कंपनीची, म्हणजे लोकांना बाहेर पडावंच लागलं असणार.

रूळछंदी

बहुतेक घरं पाडली गेली. स्टेशनमास्तरचं घर आणि शाळेची इमारत उरली. फलाटाचा उंचवटा अजून स्पष्ट दिसतो. २००० नंतर काही हौशी मंडळींनी तिथे नावाची पाटी लावली, थोडे रूळही टाकले होते, ते पुढे निघाले. आणि फलाटावरचा तो लाल टेलिफोन बूथ! गाव नाही, गाडी नाही, आणि बूथ उभा. फोटोंमध्ये सगळ्यांना तोच हवा असतो. मला स्वतःला त्या बूथच्या फोटोंचा कंटाळा आलाय. त्यापेक्षा घरांच्या रांगांचे पाये शोधत फिरा. शंभर माणसं किती चिंचोळ्या पट्टीत राहत होती ते तिथे कळतं.

ट्वीडकाठ

@हिशेबी, तुमच्यासाठी पुढचा आकडा. बंद केलेल्या याच मार्गाचा उत्तरेकडचा तुकडा, एडिंबरा ते ट्वीडबँक, सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. सुमारे तीस मैल नवे रूळ, सात नवी स्टेशनं, खर्च २०१२ च्या किमतीने २९ कोटी ४० लाख पौंड. राणीने ९ सप्टेंबरला उद्घाटन केलं, ती ब्रिटनची सर्वाधिक काळ गादीवर राहिलेली राज्यकर्ती ठरली त्याच दिवशी. पहिल्या वर्षात बारा लाखांहून जास्त प्रवास झाले. मॅज एलियट यांचं नाव एका मालगाडीच्या डिझेल इंजिनाला दिलंय.

हिशेबी

तो तुकडा एडिंबऱ्याला नोकरीला जाणाऱ्यांचा आहे, त्यामुळे चालणारच. त्यातून ट्वीडबँकच्या पुढचं सिद्ध होत नाही. रिकार्टनवरून कार्लाइलपर्यंत पुन्हा रूळ टाकले तर बसणार कोण? आधी हे सांगा.

ट्वीडकाठ

हॉइक. ते अजूनही रेल्वेविना आहे, आणि बॉर्डर्समधलं मोठं गाव आहे. हॉइकपर्यंत तरी न्यायला हवी यावर इथे फारसं दुमत नाही. त्यापुढचा प्रश्न अवघड आहे हे मीही म्हणते. शिवाय २०१५ मध्ये काटकसर अशी केली की बहुतेक मार्ग एकेरीच ठेवला, गाड्या ओलांडायला तीनच जागा. एक गाडी रखडली की पुढच्या सगळ्या रखडतात. लांब पल्ल्याची वाहतूक त्यावर कशी घालणार?

रूळछंदी

मी इथे हिशेबींच्या बाजूने आहे, आश्चर्य वाटेल. हॉइकपर्यंत जरूर. पण कार्लाइलपर्यंत गेली तरी रिकार्टनला गाडी थांबायचं काही कारण नाही. ज्या दोन गोष्टींसाठी गाड्या तिथे थांबायच्या, हेक्समचा फाटा आणि वाफेची इंजिनं, त्या दोन्ही संपल्या.

सह्याद्रीमित्र

उशिरा आलो धाग्यावर. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणं होणार आहे. चालत जाता येतं का? कसं जायचं?

ट्वीडकाठ

येतं. हॉइक–न्यूकॅसलटन डोंगरी रस्त्यावर व्हिट्रोप लागतं. तिथे स्वयंसेवकांनी जुन्या मार्गावर थोडे रूळ टाकून छोटं रेल्वे केंद्र चालवलंय, उघडं असेल त्या दिवशी जा. तिथून दक्षिणेला जुन्या रेल्वेच्या कडेने आणि वनरस्त्याने रिकार्टन दोनेक मैल. उंच बूट घाला, बाराही महिने ओल असते. व्हिट्रोपच्या बोगद्यात शिरू नका, २००२ मध्ये आतला काही भाग ढासळलाय. वेळ असेल तर हॉइककडे जाताना शँकएंडचा पंधरा कमानींचा पूल रस्त्यावरूनच दिसतो, आणि न्यूकॅसलटनच्या बाजूला हर्मिटेजचा किल्ला आहे.

रूळछंदी

भर घालतो. रिकार्टनला उरलेली घरं खासगी आहेत, तेव्हा फलाटावर फिरा, अंगणात शिरू नका. आणि परतताना बॉर्डर काउंटीजच्या बाजूने सॉख्ट्रीकडे उतरलात तर तिथलं स्टेशनही आता कुणाचं तरी राहतं घर आहे, तेही लांबूनच बघा. दुकान वाटेत कुठेही नाही. डबा आणि पाणी हॉइकहूनच घेऊन निघा.